मुलांना सावरायला शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पाठ्यक्रम, वेळापत्रक, मासिक नियोजन आणि नोंदवह्या यांची माहिती पहिल्याच आठवड्यात मिळते. वर्गातले एखादे मूल दिवसातून तीनदा रडते, दुसरे फळ्यापाशी बोलावले की थिजून जाते आणि तिसरे काही कारण नसताना शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालते, तेव्हा नेमके काय करायचे हे मात्र बहुतेकांना कोणी सांगत नाही. हा लेख तेवढ्यापुरता आहे. महाराष्ट्रात पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. लहान वर्गांसाठी कृती सोप्या कराव्या लागतील आणि नववी-दहावीला चर्चेचा वाटा वाढवावा लागेल, पण क्रम तोच ठेवावा.

वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. राज्य शासनाने २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला आणि त्यात योग-प्राणायामासोबत समस्या सोडवण्याची तंत्रे व नातेसंबंध हाताळण्याची कौशल्ये यांनाही जागा दिली. पुष्कळ शाळांत हा शनिवार गाणी, चित्रकला आणि कवायत यांत संपतो. त्यातही आनंद आहेच; परंतु आठवड्याला एक तासिका भावनिक कौशल्यांसाठी याच चौकटीत हक्काने मागता येते. उरलेले काम परिपाठात आणि नेहमीच्या विषयांच्या तासांतच होते. मुख्याध्यापकांना याची कल्पना सुरुवातीलाच द्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही विषय काढून ठेवावा, म्हणजे पुढे एखाद्या पालकाने “शाळेत हे काय नवीन काढलंय?” असे विचारले, तर शिक्षक एकटा पडत नाही.

आधी अपेक्षा ठरवाव्यात

सावरण्याची, म्हणजे अडचणीनंतर पुन्हा उभे राहण्याची, क्षमता काही मुलांत उपजत असते आणि काहींत नसतेच, हा समज बाजूला ठेवावा. हवाईमधील काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशके पाठपुरावा केला. गरिबी, घरातील आजारपण, व्यसन, सततचा कलह अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि माणसांना धरून राहणारी झाली. या मुलांमध्ये जे समान आढळले, त्यात एक बाब ठळक होती: लहानपणी किमान एका मोठ्या माणसाशी त्यांचे भरवशाचे नाते होते, मग ते माणूस घरातले असो, शेजारचे असो किंवा शाळेतले.

दुसरा दाखला आपल्याकडचा आहे आणि तो शिक्षकांना थोडा बोचेल. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत मुलांचे मानसिक आरोग्य आणि शाळेचे वातावरण सुधारण्यासाठी ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत या कामासाठी खास प्रशिक्षण दिलेली स्वतंत्र व्यक्ती नेमली होती आणि काही शाळांत तेच काम तिथल्या शिक्षकाकडे सोपवले होते. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दमदाटी व हिंसा कमी झाली आणि नैराश्याची लक्षणेही घटली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. यावरून शिक्षकाने हात झटकावेत असे मला वाटत नाही. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे आणि पोषण आहाराच्या नोंदी यांच्यावर आणखी एक कार्यक्रम लादला, तर तो कागदावरच राहतो, एवढा अर्थ मी त्यातून काढतो. म्हणून पुढच्या पायऱ्या वेगळा प्रकल्प म्हणून न करता, शिक्षक एरवी जे करतोच त्याच्यात मिसळून कराव्यात.

पहिली पायरी: स्वतःच्या वागण्याचा अंदाज मुलांना येऊ द्यावा

पहिले दोन-तीन आठवडे कोणतीही कृती घेऊ नये. या काळात वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव, घरी त्याला ज्या नावाने हाक मारतात ते नाव आणि त्याला जमणारी एक गोष्ट एवढे माहीत करून घ्यावे. तास रोज एकाच पद्धतीने सुरू करावा, एकाच पद्धतीने संपवावा, आणि काही वेगळे घडणार असेल, उदाहरणार्थ केंद्रप्रमुख भेटीला येणार असतील किंवा चाचणी असेल, तर ते आदल्या दिवशी सांगावे. ज्या घरात संध्याकाळी काय होईल याचा नेम नसतो, तिथून येणाऱ्या मुलाला शाळेतल्या या ठरावीकपणाचाच मोठा आधार वाटतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. छडी बहुतेकांनी सोडली आहे, टोमणे मात्र सुटलेले नाहीत. “याचा मोठा भाऊ बघा, नाहीतर हा!”, “तू काय पुढे जाणार, गुरंच राखणार” अशी वाक्ये शिक्षकाच्या लेखी गमतीची असतात; मूल ती घरी घेऊन जाते. ज्या वर्गात चुकल्यावर हसे होते, त्या वर्गात सावरण्याचे धडे घेण्यात अर्थ नाही.

राग शिक्षकालाही येणार. तो आल्यावर काय करतात, हे मुले शिक्षकाकडे पाहूनच शिकतात, म्हणून तो लपवण्यापेक्षा उघड सांगावा: “मला आत्ता राग आलाय. मी आधी फळ्यावरचं लिहून पूर्ण करते, मग आपण यावर बोलू.” आवाज चढलाच, तर नंतर वर्गासमोर “मघाशी मी ओरडायला नको होतं” असे साध्या शब्दांत म्हणावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही.

या पायरीची खरी परीक्षा मराठवाड्यातील आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अनेक शाळांत मार्च-एप्रिलच्या सुमारास होते. ऊसतोडीला आई-वडिलांसोबत गेलेली मुले तेव्हा कारखान्यावरून परत येतात. दिवाळीच्या आगेमागे निघालेले सहावीतले मूल वार्षिक परीक्षेच्या तोंडावर वर्गात शिरते, तेव्हा त्याच्या बाकावर दुसरे कोणी बसलेले असते, पुस्तक पाच-सहा धडे पुढे सरकलेले असते आणि हजेरीत त्याचे नाव घेताना एखादा मुलगा “सर, तो गेलाय” असे सवयीने ओरडतो. अशा मुलाचे नाव हजेरीत मोठ्याने घ्यावे, त्याची जागा ते येण्याआधी ठरवून ठेवावी, सोबतीला एक जोडीदार द्यावा, आणि पहिल्या दिवशी “किती बुडालं!” हा विषय काढू नये. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, राहून त्याने पाण्याच्या खेपा घातलेल्या असतात, धाकट्या भावंडांना सांभाळलेले असते. त्यातले काही त्याला सांगावेसे वाटले तर ऐकावे. अभ्यासाची भरपाई दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येते.

दुसरी पायरी: भावनेला नेमके नाव

इथे घाई करू नये. या पायरीला चार-पाच शनिवार द्यावेत. मुलांना “कसं वाटतंय?” असे विचारले की “बरं” किंवा “कसंतरी” याच्या पलीकडे सहसा उत्तर येत नाही. मुलाला जे वाटते त्याला नाव सापडले की ते दुसऱ्याला सांगता येते आणि सांगता आले की मदत मागता येते. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. चिडचिड, संताप, रुसवा, हिरमोड, धास्ती, घालमेल, हुरहूर, ओशाळणे, गांगरणे, खट्टू होणे, असूया, सुटका झाल्यासारखे वाटणे, ऊर भरून येणे असे पंचवीस-तीस शब्द पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून घ्यावेत. जुन्या वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरे यासाठी पुरतात.

कृती अशी घ्यावी. चार-पाच मुलांचा एक गट करून प्रत्येक गटात काही शब्द वाटावेत. मग शिक्षकाने एक प्रसंग सांगावा: “उद्या सहल होती. शबनम, डबा सगळं भरून ठेवलं होतं. संध्याकाळी निरोप आला, सहल रद्द.” जो शब्द लागू पडतो असे वाटेल तो गटाने वर धरावा. ‘हिरमोड’ बहुतेक लगेच वर येतो, पण एखादा गट ‘संताप’ दाखवतो आणि एखादे मूल हळूच ‘सुटका’ वर करते, कारण त्याला बस लागते किंवा सहलीचे पैसे घरी मागायचे राहिलेले असतात. या वेळी कोणाचे उत्तर बरोबर हे ठरवायचे नसते. एकाच प्रसंगात निरनिराळ्या माणसांना निरनिराळे वाटू शकते, हे मुलांनी स्वतः पाहावे, यासाठीच ही कृती असते. पुढचे प्रसंग मुलांच्या जगातूनच घ्यावेत: जिवलग मैत्रिणीने दुसरीसोबत डबा खाल्ला, सगळ्यांसमोर चड्डीची शिवण उसवली, धाकट्या बहिणीला नवा फ्रॉक आला आणि आपल्याला नाही, वडील रात्री उशिरापर्यंत घरी आले नाहीत. शेवटच्या प्रसंगासारखे जड प्रसंग पहिल्या दोन शनिवारी टाळावेत.

घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीतील शब्द पुठ्ठ्यावर लिहायला सांगावे आणि ते भिंतीवर प्रमाण मराठी शब्दांच्या शेजारीच लावावेत. दुखणे आणि भीती माणूस आधी घरच्या भाषेत सांगतो. आश्रमशाळांत तर ही कृती मला सर्वांत मोलाची वाटते.

शब्द ओळखीचे झाले की तीव्रता मोजायला शिकवावी. एक म्हणजे जेमतेम आणि पाच म्हणजे आवरत नाही इतके, अशी साधी मोजणी पुरते. सकाळी परिपाठानंतर मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर एक शब्द आणि एक आकडा लिहावा. तो कोणाला दाखवण्याची सक्ती नसावी. काही शाळांत हजेरीलाच प्रत्येकाने आपली भावना मोठ्याने सांगण्याची पद्धत पडते. ती मी टाळायला सांगेन, कारण आठवड्याभरात सगळा वर्ग “आनंदी, बाई!” असे सुरात म्हणू लागतो आणि ज्याला तसे वाटत नाही ते मूल खोटे बोलायला शिकते.

एक नियम पहिल्याच शनिवारी फळ्यावर लिहावा: “मला यावर बोलायचं नाही” असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याच्या जोडीला चिठ्ठ्यांसाठी एक पेटी ठेवावी. शाळेची तक्रारपेटी वेगळी, ही वर्गाची. ती रोज शाळा सुटताना शिक्षकाने एकट्याने उघडावी, त्यातली कोणतीही चिठ्ठी वर्गात वाचून दाखवू नये आणि नाव असलेल्या प्रत्येक चिठ्ठीला दोन दिवसांत, तोंडी का होईना, उत्तर द्यावे. उत्तर मिळत नाही असे कळले, की पेटीत फक्त चॉकलेटचे कागद पडतात.

तिसरी पायरी: आधी शरीर शांत करणे

तीव्रतेचा आकडा चार किंवा पाच असताना मुलाला समजावणे वाया जाते. श्वास हळू सोडणे, थंड पाण्याने तोंड धुणे, मैदानाला एक फेरी मारून येणे, भिंतीला दोन्ही तळवे टेकवून जोर लावणे यांपैकी ज्याला जे लागू पडेल ते त्याने करावे. हे उपाय मूल शांत असताना शिकवावे लागतात, कारण रडून लाल झालेल्या मुलाला नवा श्वासाचा प्रकार शिकता येत नाही. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाकून शांत बसण्याची जागा करता येते. फक्त तिचा वापर शिक्षा म्हणून एकदाही होऊ देऊ नये.

ध्यानधारणेबद्दल मात्र अवाजवी आशा ठेवू नये. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे घेतलेल्या मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांपेक्षा चांगले झाले असे त्यात आढळले नाही. दोन मिनिटे डोळे मिटून बसायला हरकत नाही, पण ज्या मुलाला डोळे मिटल्यावर भीती वाटते, त्याला उघडे ठेवू द्यावेत.

चौथी पायरी: मनात आलेला विचार तपासणे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्या कामामुळे पुष्कळांच्या परिचयाची झाली. घटनेतून थेट भावना येत नाही, मध्ये आपला विचार असतो, हे तिचे मूळ सूत्र सातवीच्या मुलांनाही कळते. फळ्यावर तीन रकाने आखावेत: काय झालं, मनात काय आलं, कसं वाटलं. पहिल्या रकान्यात लिहावे, ‘गणिताच्या चाचणीत २० पैकी ६ गुण’. मग मुलांना विचारावे की अशा मुलाच्या मनात काय काय येऊ शकते. “मला गणित येणारच नाही” असे एक जण सांगतो, “बाबा मारतील” असे दुसरा, आणि “अपूर्णांकांची बेरीज अजून पक्की नाही झाली” असे कोणीतरी म्हणतेच. प्रत्येक विचारासमोर तिसऱ्या रकान्यात वेगळी भावना येते, हे मुलांना लिहिताना आपोआप दिसते.

त्यानंतर चौथा रकाना वाढवावा: हे खरं कशावरून? “गणित येणारच नाही” या विचाराच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा मुलांनी शोधावा. जुन्या वहीतील बरोबर सोडवलेली उदाहरणे विरुद्धच्या पुराव्यात येतात. या कृतीचे रूपांतर “नेहमी सकारात्मक विचार करा” या उपदेशात होऊ देऊ नये, कारण “मला सगळं येतं” हा विचारही पुराव्याला टिकत नाही. विचार गोड असण्यापेक्षा अचूक असावा, यावर भर राहू द्यावा.

इथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी लागते. वडील मारतात, घरात अन्न नाही, जातीवरून कोणी हिणवले, कोणी नको तिथे हात लावला, अशा वेळी मुलाचा विचार चुकलेला नसतो, परिस्थिती चुकलेली असते. त्याला “तू वेगळ्या नजरेने बघ” असे सांगणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. अशा मुलासाठी काय करायचे, ते पुढे सविस्तर येते.

पाचवी पायरी: अडचण सोडवण्याचा सराव

विचार तपासता येऊ लागला की मुलांना खऱ्या अडचणीवर काम करू द्यावे. अडचण एका वाक्यात मांडणे, सुचतील तेवढे उपाय न हसता लिहून काढणे, प्रत्येकाचे फायदे-तोटे पाहणे, एक उपाय आठवडाभर करून पाहणे आणि पुढच्या शनिवारी त्याचा हिशेब घेणे, असा हा क्रम आहे. शेवटचा टप्पा बहुतेक वर्गांत गळतो आणि खरे शिक्षण तर तिथेच होते.

एक उदाहरण घेऊ. मधल्या सुट्टीतल्या कबड्डीत एका मुलाला कोणीच आपल्या संघात घेत नाही. अडचण मांडताना वर्गातून पहिले वाक्य येते: “सर, तो रडका आहे.” हे माणसाचे वर्णन झाले, अडचणीचे नाही, हे शिक्षकाने इथेच थांबून दाखवावे. दोन-तीन प्रयत्नांनंतर वाक्य तयार होते: “संघ निवडताना काही जण रोज शेवटी उरतात.” आता त्यात एकाचे नाव राहिले नाही आणि तो मुलगाही चर्चेत बोलू शकतो. उपाय निघतात: खेळच बंद करावा, सरांनी संघ पाडावेत, चिठ्ठ्या टाकाव्यात, उरलेल्याला पंच करावे. समजा वर्गाने चिठ्ठ्यांचा उपाय निवडला. पुढच्या शनिवारी तक्रार येते की सगळे चांगले खेळाडू एकाच संघात गेले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जुनेच सुरू झाले. इथे शिक्षकाने “मी सांगितलं होतं ना!” असे म्हणू नये, उपाय बिघडणे हा या सरावाचा भागच असतो. “मग आता चिठ्ठ्यांत काय बदलू या?” एवढाच प्रश्न विचारावा. आधी दोन कर्णधार ठरवून उरलेल्यांच्या चिठ्ठ्या काढाव्यात आणि कर्णधार रोज बदलावेत, इथपर्यंत मुले स्वतःहून येतात.

भांडण आणि दमदाटी यांतला भेद मात्र शिक्षकाने ओळखायला हवा. बरोबरीच्या दोन मुलांमधले भांडण या क्रमाने सुटते. एक जण ताकदीने, वयाने, जातीने किंवा संख्येने वरचढ असून पुनःपुन्हा त्रास देत असेल, तेव्हा “दोघं मिळून मिटवा, हात मिळवा” असे सांगितल्याने त्रास सोसणारे मूल आणखी एकटे पडते. तिथे मोठ्यांनी मध्ये पडून त्रास थांबवायचा असतो आणि त्यावर काही आठवडे लक्ष ठेवायचे असते. आडनाव, रंग, वजन किंवा बोलण्यातील अडखळ यांवरून पडलेली टोपणनावे शिक्षकाने स्वतः कधीही वापरू नयेत, मग ती सगळ्या गावाच्या तोंडी का असेनात.

ज्या मुलाला याहून अधिक मदत हवी

वर सांगितलेले सर्व काही सर्व मुलांसाठी आहे. काही मुलांना ते पुरणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प राहणे, आवडत्या खेळातून अंग काढून घेणे, गुणांत अचानक घसरण, सतत पोट किंवा डोके दुखण्याची तक्रार, वर्गात झोप लागणे, अंगावर वळ किंवा कापल्याच्या खुणा, घरी जायला टाळाटाळ, “मी नसलो तरी काय फरक पडतो” अशी वाक्ये यांची तारखेसह नोंद ठेवावी. निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. बदल वेळेवर पाहणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवणे हे आहे.

मूल काही सांगू लागले, तर हातातले काम खाली ठेवावे, प्रश्न कमी विचारावेत आणि दुसऱ्यांच्या कानांवर जाणार नाही पण दिसेल अशा ठिकाणी, म्हणजे व्हरांड्यात किंवा दार उघड्या असलेल्या खोलीत बसावे. “तू सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला मदत मिळावी म्हणून मला एक-दोन माणसांशी बोलावं लागेल, ती कोण ते मी तुला आधी सांगेन.” एवढे बोलणे पुरते. “मी कुणालाच सांगणार नाही” असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारायला शिक्षक घाबरतात. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात भरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या क्षणापासून मुलाला एकटे सोडू नये, मुख्याध्यापकांना कळवावे, पालकांना बोलावून घ्यावे आणि त्याच दिवशी रुग्णालयाची वाट धरावी. मात्र घरातल्याच माणसाकडून त्रास होत असल्याचे मुलाने सांगितले असेल, तर पालकांना कळवण्याआधी बालकल्याण समिती किंवा १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक यांच्याशी बोलावे.

लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली, तरी बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक करते, आणि न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा ठरतो. “शाळेची बदनामी होईल”, “मुलीच्या लग्नाचं काय” अशी समजूत काढणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या दबावाखाली शाळेने आपली चौकशी करून प्रकरण आपसात मिटवणे कायद्याला मान्य नाही. मुलाचे नाव आणि ओळख मात्र कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर जाऊ देऊ नये, शिक्षकांच्या गटावरही नाही. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते. तिचे सदस्य कोण हे नव्या शिक्षकाने रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच विचारून घ्यावे.

मदतीचे पत्ते आधीच लिहून तयार असावेत. १४४१६ हा ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि त्यावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते, शिक्षकही तिथे सल्ला विचारू शकतो. १०९८ हा संकटातील बालकांसाठीचा क्रमांक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शासकीय शाळांना वर्षातून एकदा भेट देते. त्या दिवशी फक्त वजन-उंची न होऊ देता, काळजी वाटणाऱ्या मुलांची यादी डॉक्टरांच्या हाती द्यावी. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असते, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. दोन शिक्षकी वस्तीशाळेला यातला दुसरा मार्गच उपयोगी. त्यासाठी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे मुख्याध्यापकांच्या सहीचे एक पत्र देऊन ठेवावे.

पालकांशी बोलताना

पालक सभेत ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द काढला की “आमचं पोरगं वेडं नाही” अशी प्रतिक्रिया येऊ शकते. त्याऐवजी झोप, जेवण, मोबाइल, रडणे, हट्ट आणि परीक्षेची भीती यांवर बोलावे, कारण पालकांचे प्रश्न तेच असतात. एखाद्या मुलाविषयी स्वतंत्र भेट घ्यायची असेल, तर शेतीची आणि मजुरीची वेळ सोडून बोलवावे आणि सुरुवात मुलाच्या एखाद्या जमेच्या बाजूने करावी. “ताई, गेल्या दोन आठवड्यांपासून तो डबा तसाच परत नेतो. घरी काही जाणवलं का?” असा पाहिलेल्या गोष्टीवरचा प्रश्न “तुमचा मुलगा फार चिडका झालाय” यापेक्षा अधिक उत्तरे आणतो. मुलाने विश्वासाने सांगितलेले पालकांपुढे उघड करण्याआधी, त्याने मूल घरी अडचणीत येणार नाही ना, एवढे तपासावे.

नोंदी आणि पुढच्या वर्गाकडे सोपवणे

या कामाला गुण देऊ नयेत आणि मुलांना ‘भावनिकदृष्ट्या कमकुवत’ अशा रकान्यांतही बसवू नये. प्रगती पाहायचीच असेल, तर महिन्यातून एकदा चार गोष्टी लिहाव्यात: मदत मागायला स्वतःहून कोण आले, मधल्या सुट्टीत एकटे कोण होते, चूक झाल्यावर पुन्हा प्रयत्न कोणी केला, आणि या महिन्यात आपण स्वतः किती वेळा आवाज चढवला. चौथी नोंद कोणाला दाखवायची नसते. शिक्षक थकलेला असेल तर हे काम होत नाही, म्हणून शिक्षण परिषदेत किंवा मधल्या सुट्टीत ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येईल असा एक सहकारी असावा. मुलांची नावे न घेता अडचणी मांडता येतात.

एप्रिलमध्ये वर्ग पुढच्या शिक्षकाकडे जाईल, तेव्हा काळजी वाटणाऱ्या प्रत्येक मुलाविषयी तोंडी बोलावे. कशाने त्याला त्रास होतो, कशाने ते शांत होते, कोणते उपचार किंवा सल्ला चालू आहे, एवढे सांगणे पुरेसे असते. घरातील जी हकीकत नव्या शिक्षकाला मदत करताना लागणार नाही, ती पुढे देऊ नये. आपली बदली झाली असेल, तर मुलांना ते निरोपाच्या कार्यक्रमात कळू देऊ नये; आदेश हाती आल्याबरोबर वर्गात सांगावे, आणि ज्या दोन-चार मुलांनी आपल्यावर भरवसा टाकला आहे त्यांची नव्या शिक्षकाशी समोरासमोर ओळख करून देऊन मगच कार्यमुक्त व्हावे.